काकांचे नरभक्षक

काका कुणाच्याही डोळ्यांत बघून बोलत नाहीत. तोंडात बघून बोलतात. समोरचा हसला की त्यांची नजर झटकन त्याच्या ओठांखाली शिरते, आणि तो गेला की आपल्याला तो कसा होता ते कळतं. "खालच्या दाढा गेल्यात. घरात बोलणं चालत नसणार त्याचं." किंवा, "समोरचे दोन पडलेले नाहीत, पाडलेत. जपून राहा." माणसाची कुंडली जबड्यात मांडलेली असते अशी त्यांची पक्की समजूत आहे. ही समजूत आजवर एकदाही खरी ठरलेली नाही, आणि त्याचा काकांवर काडीचाही परिणाम झालेला नाही.

काकांचा धंदा दातांचा. डॉक्टर नव्हेत ते. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि काका त्यावरून कवळी बनवतात. म्हणजे, बनवायचे. आता किती वर्षं झाली, बनवते ती त्यांची मुलगी, आमची ताई. काका तयार दात डब्यात घालून दवाखान्यांत पोचवतात, आणि तिथल्या बाकावर डबा मांडीवर घेऊन वाट बघत बसतात. गल्लीत त्यांना सगळे 'दातवाले' म्हणतात. डॉक्टरही तेच म्हणतात, आणि काकांचं खरं दुखणं तिथे आहे.

"दातवाले, बसा जरा," म्हणून डॉक्टर आत जातात, आणि मग विसरतात. एका दवाखान्यात त्या बाकासमोर काचेची छोटी टाकी होती, तिच्यात सोनेरी मासे. त्यांच्याकडे बघण्यात काकांचा निम्मा जन्म गेला.

"गोल फिरतात, तोंड उघडतात, मिटतात," ते घरी येऊन सांगायचे. "आत एक दात नाही. बोळके सगळे. डॉक्टर लोकांना शोभतात."

त्या बाकावर बसूनच त्यांनी ठरवलं की आपणही मासे पाळायचे. पण असे, की बघून डॉक्टर दोन पावलं मागे सरले पाहिजेत. मग बघू कोण कुणाला बस म्हणतो. दुसऱ्या एखाद्याने अपमान विसरण्यासाठी चांगले दात बनवायला घेतले असते. काकांनी टँक बनवायला टाकला.

टँक आला तो पलंगाएवढा. नाकापेक्षा मोती जड, आणि मोती तरी कुठला, नुसती काच. घर पहिल्या मजल्यावर. काकांनी गवंड्याला बोलावलं. त्याने टँक बघितला, जमीन बघितली, पायाने दोनदा ठोकली.

"ह्यात पाणी भरलंत ना," गवंडी म्हणाला, "की तुमचं बिऱ्हाड खालच्या बिऱ्हाडाला भेटायला जाईल."

खाली बिऱ्हाड नव्हतं, काकांचंच वर्कशॉप होतं, तेव्हा टँक खालीच ठेवायचा ठरला. पुढच्या खोलीत प्लॅस्टरचे साचे ओतायचे. मागच्या खोलीत मोटर, दात घासायची आणि चमकवायची. आणि मधे एका बाजूला ताईची खोली, जिला मोठी खिडकी होती.

ह्या खिडकीबद्दल सांगायला हवं. दात पांढरे असतात असं आपण समजतो, ते खोटं आहे. कुणाचे पिवळट, कुणाचे राखाडी, कुणाचे मुळाशी तपकिरी आणि टोकाला पाण्यासारखे. ताईकडे खोट्या दातांचा एक जुडगा असतो, किल्ल्यांच्या जुडग्यासारखा. प्रत्येक दात वेगळ्या छटेचा, प्रत्येकाला आकडा. उरलेल्या खऱ्या दातांशी नवा दात जुळवायचा तर तो दिवसाच्या उजेडातच जुळतो. ट्यूबलाइटखाली सगळे दात सारखे दिसतात, आणि मग माणूस बाहेर पडला की त्याचा एक दात निळा दिसतो. म्हणून ताईचं टेबल खिडकीला चिकटून होतं. तिला दागिने नकोत, प्रवास नको, पाटीवर नाव नको. ती खिडकी मात्र तिची होती, आणि तिच्यावरच तिचा हात चालायचा.

काका टेप घेऊन त्या खोलीत शिरले तेव्हा मी तिथेच होते.

"पुढच्या खोलीत ठेवा ना, बाबा," ताई म्हणाली. तिने हातातलं मेण खाली ठेवलं नव्हतं.

"तिथे प्लॅस्टर उडतं. माशांच्या फुप्फुसात जाईल."

"माशांना फुप्फुसं नसतात."

"जे असतं त्यात जाईल."

"मग मागे ठेवा."

"मागे मोटर चालते. आवाजाचा धसका घेतात ते. हिंस्र जात बाहेरून कडक असते, पण आतून फार नाजूक."

"आणि मी?"

"तू काय?"

"मी कुठे बसू?"

काकांनी खोलीभर नजर फिरवली. अडगळीच्या कपाटाशेजारी एक कोपरा होता. "तुला काय गं, एक टेबल पुरतं. कुठेही बसवलं तरी चालते तू."

ह्या वाक्यात आपण मुलीचं कौतुक केलं असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांचा चेहरा तसा उजळला होता.

काकू दारात उभ्या होत्या. "अहो, तिचं काम बिघडलं तर खायचं काय आपण?"

"मासे," काका म्हणाले, आणि एकटेच हसले.

टेबल कोपऱ्यात गेलं. खिडकीपाशी टँक बसला. ताईने जुडगा उचलला आणि कोपऱ्यात जाऊन बसली. ती कधीच फारसं बोलत नाही, आणि न बोलणाऱ्या माणसाला काही म्हणायचंच नसतं अशी काकांची आणखी एक समजूत आहे.

मग माशांची निवड. त्यासाठी काका मला घेऊन गेले, कारण काकांना खरेदीला सोबत लागत नाही, प्रेक्षक लागतो.

दुकान तळघरात होतं. निळा उजेड, पंपांची घरघर, आणि मधोमध उंच स्टुलावर दुकानदार. त्याला मी मनातल्या मनात महर्षी म्हणते. महर्षीला माशांबद्दल जेवढं कळत होतं त्याच्या दसपट गिऱ्हाइकांबद्दल कळत होतं.

"मोठी टाकी आहे माझी," काका म्हणाले. "मला डेंजर काहीतरी पाहिजे."

महर्षीने त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "घरात लहान मूल आहे?"

"नाही."

"मांजर?"

"नाही."

"बीपी आहे तुम्हाला?"

"थोडंसं."

"मग राहू दे, काका. गप्पी घ्या. रंगीत असतात, पोरंही भरपूर घालतात. मन रमतं."

काकांची मान ताठ झाली. गळाला मासा लागतो तेव्हा दोरी अशीच ताठ होते.

"मला गप्पी दाखवू नका," ते म्हणाले. "दात असलेले दाखवा."

पुढे जे झालं त्याला काका 'निवड' म्हणतात. ते एकेका टाकीसमोर उकिडवे बसले, काचेला नाक लावलं, आणि माशाला म्हणाले, "आ कर." मासा करेना तेव्हा त्यांनी स्वतः आ करून दाखवला. मासा वळला आणि शेपटी दाखवून निघून गेला. काका पुढच्या टाकीकडे सरकले. "आ कर. आ..." आख्ख्या दुकानात काचेच्या एका बाजूला तोंडं मिटलेली होती आणि दुसऱ्या बाजूला उघडं. शहाणे कोण ते उघड होतं.

एका टाकीत जाडजूड काळपट मासा तळाशी आडवा पडला होता.

"हा मेलाय," काका म्हणाले.

"रागावलाय," महर्षी म्हणाला. "ऑस्कर जातीचा आहे. कालच टाकी बदलली त्याची. मनाविरुद्ध काही झालं की असा आडवा पडतो, जेवत नाही, बघत नाही. पण माज उतरला की बघा, शेजाऱ्याचे खवले उपटतो."

"स्वाभिमानी आहे."

"भयंकर."

"हा घेतला. पण दात दिसत नाहीत ह्याचे."

महर्षीने इकडेतिकडे बघितलं. आवाज खाली आणला. दुकानात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. "एक जोडी आहे आत. पण ती मी शक्यतो दाखवत नाही."

"काय आहे?"

"राहू दे. उगाच जोखीम."

"अहो, दाखवा तर."

"पिरान्हा."

मागच्या टाकीत दोन चपटे, रुपेरी मासे होते, छातीपाशी लालसर. बशीएवढे. चेहरे अगदी सभेला आलेल्या सज्जन माणसांसारखे. काकांनी काचेला नाक लावलं, आणि काय योगायोग असेल तो असो, त्यातल्या एकाने खरोखरच आ केला.

आत दात होते. पण कसे? चौकोनी, रुंद, एकाला एक लागून, थेट माणसाचे. काकांचे गुडघे जमिनीला टेकले.

"बघ," ते माझा हात धरून म्हणाले. "अगं बघ. काय मांडणी आहे. समोरचे बघ, कुठे फट नाही. अशी कवळी मी जन्मात लावली नाही."

"काका, पण ह्याला सुळे कुठायत? हे तर आपल्या दाढांसारखे दिसतात."

"म्हणूनच तर. माणसाइतका हिंस्र प्राणी आहे का दुसरा?"

"लाख बोललात, साहेब," महर्षी म्हणाला. दुकानात काकांचा साहेब झाला तो ह्या क्षणी.

समोरचा दात कापायला, सुळा फाडायला, दाढ दळायला, हे ज्याने उभ्या आयुष्यात शेकडो तोंडांत बसवलं, त्या माणसाने दळायच्या दातांनी भरलेलं तोंड बघितलं आणि त्याला नरभक्षक दिसला. दुसरा कुणी असता तर फसला नसता. दुसऱ्या कुणी माशाचे दात बघितलेच नसते. काका दातांच्याच प्रेमात पडले.

निघताना महर्षीने पिशवीत एक बोटाएवढा मासा घातला. मिशा, सपाट डोकं, आणि कानापासून कानापर्यंत फाकलेलं तोंड. "हा मिशाळ माझ्याकडून. तळातली घाण साफ करतो."

"ह्याला दात?"

"नाहीत."

"मग घाला," काका म्हणाले, आणि पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही.

घरी काकूंनी पिशवी उजेडात धरली. "हा कशाला आणलात? हा तर बाजारात बर्फावर पडलेला असतो."

"तो वेगळा."

"तोच आहे. डोकं मी टाकून देते त्याचं, दात बघवत नाहीत म्हणून."

"हा पिरान्हा आहे. तुझ्या बाजारातल्याने माणूस खाल्लाय का कधी?"

"नाही. ह्याने खाल्लाय?"

काकांनी पिशवी टँकमध्ये मोकळी केली.

थोड्याच दिवसांत टँकचं पाणी हिरवं झालं, शेवाळलेल्या विहिरीसारखं. काकांनी महर्षीला फोन लावला. महर्षी म्हणाला, ऊन पडतंय, ऊन बंद करा. काकांनी त्याच दिवशी खिडकीवर जाड काळा पडदा ठोकला. म्हणजे आता गंमत बघा. खिडकी ताईला हवी होती, ती माशांना दिली. माशांना ती नको होती, म्हणून ती कुणालाच दिली नाही.

ताईच्या कोपऱ्यात ट्यूबलाइट लागली. पुढच्याच आठवड्यात एका दवाखान्यातून दात परत आला, छटा चुकली म्हणून. ताईच्या हातून परत आलेला तो पहिला दात. तिने तो बराच वेळ चिमट्यात धरून ठेवला. मग ती उठली, ट्रे उचलला आणि बाहेर रस्त्याकडच्या पायरीवर जाऊन बसली. मांडीवर ट्रे, हातात जुडगा.

"आत ये," काका दारातून म्हणाले. "रस्त्यावर दात मांडून बसलीस. लोकांना वाटेल विकायला बसलीस."

"विकतोच आपण, बाबा."

"आत ट्यूब लावलीय ना तुला?"

"उजेड इथे आहे."

तेव्हापासून ती रंग जुळवायला पायरीवर बसायला लागली. येणारेजाणारे वाकून बघायचे. कुणी विचारायचं, "माझा कितव्या नंबरचा गं?" ती तोंडाकडे बघून आकडा सांगायची, आणि तो माणूस उगीचच ओठ मिटून पुढे जायचा. ढग आले की काम उद्यावर जायचं. डॉक्टरांचे फोन यायला लागले. काका फोनवर सांगायचे, "मुलीचा हात जरा मंद झालाय हल्ली." हे ते तिच्यासमोर सांगायचे.

इकडे नरभक्षकांचं वेगळंच चाललं होतं. काकांनी मांसाचे तुकडे टाकले. त्या दोघांनी ढुंकून बघितलं नाही. काकांनी जास्त ताजे आणले, हाताने हलवून दाखवले, "अरे खा, रक्त आहे" म्हणून विनवलं. हिंस्र पशूला जेवणासाठी मनवणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. शेवटी काकूंनी भाजी चिरता चिरता काकडीची एक चकती आत टाकली, आणि टँकमध्ये करकर असा आवाज झाला. मग दुसरी. करकर, करकर. आजोबा नव्या कवळीने काहीतरी चावून बघतात ना, तसा.

"कुणाला सांगू नकोस," काका काकूंना म्हणाले.

रोज सकाळी ते पिशवी लपवून काकड्या आणायला लागले. भाजीवाल्याने विचारलं तर म्हणायचे, घरी पाहुणे आहेत.

मांसाचे तुकडे मात्र सकाळपर्यंत संपलेले असायचे. काका म्हणायचे, "बघ, चोरून खातात. शिकारी प्राणी चारचौघांत जेवत नाही." ऑस्करही दिसेनासा झाला. "रुसलाय," काका म्हणायचे. "दगडामागे असेल. स्वाभिमानी आहे." तो किती दिवस रुसून बसला याला सुमार नाही. आणि तळाचा मिशाळ हाताच्या पंजाएवढा झाला, मग कोपरापर्यंत. पोट कसं गच्च, डोळे मिटल्यासारखे. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे असं आपण म्हणतो. ह्याला दोन्ही नव्हते, नुसता दरवाजा होता. पण ज्याला दात नाहीत त्याची काकांच्या हिशेबी गणतीच नव्हती.

शेवटी काकांनी डॉक्टरांना बोलावलं. चार-पाच जण आले, त्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, ज्यांच्याकडचं सगळं काम ताई करायची. काकांनी खोलीतले दिवे घालवून टँकवर लाल बल्ब लावला होता. मी नाटकात काम करते, म्हणून सांगते, इतका वाईट प्रकाश मी नवशिक्यांच्या प्रयोगातही बघितलेला नाही. काका टँकशेजारी उभे राहिले आणि त्यांनी भाषण केलं. नद्या, जंगलं, सांगाडे. मग त्यांनी चिमट्याने मांसाचा तुकडा पाण्यावर धरला. "कुणी पुढे येऊ नका."

कुणी आलंही नसतं. नरभक्षक मागच्या काचेपाशी शांतपणे पाठ करून उभे राहिले. तुकडा बुडत गेला. तळातून मिशाळ वर आला, दार उघडलं, दार मिटलं, तुकडा गेला.

"पहिला घास त्याला देतात ते," काका म्हणाले. "राजे आहेत."

"तो काळा कुठाय? फोनवर सांगत होतात तो," एका डॉक्टरांनी विचारलं.

"रुसलाय."

तेवढ्यात काकू चहा आणि काकडीच्या चकत्यांची बशी घेऊन आल्या. त्या बिचाऱ्यांनी पाहुण्यांसाठी आणल्या होत्या. काळ्याची चौकशी करणाऱ्या डॉक्टरांनी एक चकती उचलली, खाल्ली, दुसरी गमतीने पाण्यावर धरली. दोन्ही नरभक्षक वळले, धावत आले, आणि लाल अंधारात सगळ्यांना ऐकू गेलं, करकर, करकर.

"दातवाले," डॉक्टर म्हणाले, "हे शाकाहारी आहेत का हो?"

"हात आत घालू नका, मी जबाबदार नाही," काका म्हणाले.

डॉक्टरांनी मनगटापर्यंत हात घातला होता. मासा त्यांच्या बोटांतून काकडी काढून घेत होता, नातवाने घ्यावी तशी. मग सगळे हसले. आणि ते ज्या पद्धतीने हसले ना, अगदी दात दाखवून, ते काकांच्या इतकं डोळ्यांसमोर होतं की त्यांना कुणाच्याही तोंडाकडे बघता येईना.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या टँकच्या मागे गेल्या होत्या. त्यांनी आधी पडदा बघितला, मग कोपऱ्यातलं टेबल.

"तू इथे बसतेस?" त्यांनी ताईला विचारलं.

"हो."

"आणि रंग कुठे बघतेस?"

"बाहेर, पायरीवर."

"म्हणून उशीर होतोय."

"हो."

"मला वाटलं तुझा हात मंद झालाय. तुझे वडील म्हणाले तसं." बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "माझ्या दवाखान्याच्या वर एक खोली रिकामी आहे. दोन बाजूंना खिडक्या आहेत. येऊन बघून जा."

काका टँकजवळून बोलले, "अहो ती कुठे येतेय. तिचं सगळं इथेच आहे."

"कधी येऊ?" ताई म्हणाली.

पाहुणे गेल्यावर काकूंनी दिवे लावले. ताईने टँकचा लाल बल्ब काढून टाकला आणि काकांसमोर उभी राहिली. "बाबा, मी नाही जात. तो पडदा काढा."

"अगं, पाणी हिरवं होतं."

"होऊ दे."

"मग दिसणार काय त्यात?"

"काढताय का?"

काकांनी टँककडे बघितलं. एवढी शोभा झाल्यावर दुसऱ्या कुणी तो रस्त्यावर नेऊन फोडला असता. काका म्हणाले, "जा. चार दिवस जाऊन ये. दात कोरून पोट भरत नाही, कळेल तुला."

"कोरत नाही मी, बनवते," ताई म्हणाली, आणि जुडगा पर्समध्ये टाकला.

ती गेली ती गेलीच. आठवड्याला एकदा येऊन आईला वरच्या मजल्यावरच भेटून जायची, खाली वर्कशॉपमध्ये डोकावायची नाही. काकांनी स्वतः दात बनवायला घेतले. हाताची सवय गेली होती ते एक, पण खरी अडचण आवडीची होती. इतके दिवस मनात साठलेली सगळी हिंसा त्यांनी सुळ्यांत ओतली. एक निवृत्त शिक्षिका नवी कवळी लावून वर्गमैत्रिणींना भेटायला गेली, आणि मैत्रिणीच्या नातवाने तिला बघून भोकाड पसरलं. ती कवळी परत आली. मग दुसरी आली. मग दवाखान्यांनी मापं काकांकडे पाठवणंच बंद केलं. ती सरळ डॉक्टरीणबाईंच्या माडीवर जायला लागली.

काकांचा स्वतःचा दात कसा गेला ते काकूंनी मला सांगितलं, चेहरा अगदी सरळ ठेवून. काका टँकचं पाणी बदलत होते. मिशाळ आता हाताएवढा लांब. त्याला जाळ्यात घ्यायला गेले, त्याने शेपटीचा असा तडाखा दिला की पाणी खोलीभर. काका फरशीवर घसरले आणि तोंड थेट टँकच्या लोखंडी स्टँडवर. समोरचा, वरचा, मधला. आख्ख्या घरात ज्याला दात नव्हते त्याने काकांचा दात पाडला, आणि तोही चावा न घेता.

गल्लीत लोकांनी विचारलं, हे काय झालं?

"पिरान्हा," काका म्हणाले.

"तोंडाला?"

काकांनी तोंडावर रुमाल धरला. त्यांनी काळ्या पडद्याआड, ट्यूबलाइटखाली, स्वतःसाठी दात बनवला. तो लावून ते जेवायला बसले तेव्हा काकूंनी वाढता वाढता हात थांबवला.

"बाथरूमच्या फरशीसारखा पांढरा दिसतोय," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी ताईला न्यायला माडीवर गेले होते, आम्हाला कपडे घ्यायला जायचं होतं. ती खोली बघायला हवी. दोन्ही खिडक्या उघड्या, टेबल मधे ओढून घेतलेलं, आणि त्यावर ओळीने कवळ्या, सगळ्या वेगवेगळ्या रंगाच्या. जिन्यावर पावलं वाजली. काका दारात उभे राहिले, तोंडावर रुमाल धरून.

"इकडून चाललो होतो," ते रुमालातून म्हणाले.

"बसा, बाबा." तिने खिडकीजवळची खुर्ची वळवून दिली.

ते बसले. खोलीकडे बघितलं. "बरी आहे जागा. ऊन फार येतं. डोळ्यांना त्रास होत असेल तुला."

"रुमाल काढा."

त्यांनी काढला. ताई हसली नाही. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण मला तेवढं जमलं नसतं. तिने तो पांढरा दात काढून ट्रेमध्ये ठेवला आणि जुडगा उचलला.

"तुझं टेबल तसंच ठेवलंय," काका म्हणाले. त्या फटीतून शब्द शिट्टीसारखे येत होते. "वर्कशॉप तुझ्या नावावर करू. पाटी बदलू. मी काय आता—"

"तोंड उघडा."

त्यांनी उघडलं. तिने एकेक छटा त्यांच्या दातांशेजारी धरली. पहिली उजळ, दुसरी उजळ, तिसरी जवळपास. त्यांचे दात चांगलेच पिवळे होते, चहाचे, बाकावर बसून वाट बघत प्यायलेल्या चहांचे. तिने तिसरी आणि चौथी आलटून पालटून लावून बघितली, मान तिरकी करून, जसं ती कुणाचंही बघते. मग तिने आकडा लिहून घेतला.

"मंगळवारी होईल," ती म्हणाली. "आईला पाठवा न्यायला. तुम्ही कशाला जिना चढता."

काका उठले. रुमाल पुन्हा तोंडाला लावला. दारापर्यंत गेले, थांबले. "पडदा काढला तर येशील?"

ताईने वर बघितलं. एवढ्या दिवसांत तिच्या चेहऱ्यावर काही हललेलं मी पहिल्यांदा बघितलं. "काढताय?"

काका विचारात पडले. खरोखरच पडले. मुलगी एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला काकडी खाणारी एक जोडी आणि सगळं गिळणारा एक लठ्ठ मिशाळ, आणि हा माणूस जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून तोलून बघत होता.

"पण पाणी हिरवं होतं गं," ते म्हणाले.

"मग राहू दे," ताई म्हणाली, आणि पुढची कवळी उचलून खिडकीशी धरली.